तोटा कुणाच्या नावावर? बर्मिंगहॅममध्ये बंद होऊन पुन्हा सुरू झालेला कॉलेज फुटबॉल

२ डिसेंबर २०१४ रोजी युनिव्हर्सिटी ऑफ अलाबामा ॲट बर्मिंगहॅम, म्हणजे यूएबीचे अध्यक्ष रे वॉट्स अमेरिकन फुटबॉल संघाच्या खेळाडूंसमोर उभे राहिले आणि त्यांनी सांगितलं, की संघ बंद होतोय. तीनच दिवसांपूर्वी या संघानं सदर्न मिसिसिपीला ४५-२४ असं हरवून हंगाम सहा विजय आणि सहा पराभवांवर संपवला होता. सहा विजय म्हणजे हंगामानंतरच्या ‘बाउल’ सामन्यासाठी पात्रता. यूएबीला असा सामना त्याआधी एकदाच, २००४ मध्ये हवाईत खेळायला मिळाला होता. त्या खोलीतली बाचाबाची कुणीतरी फोनवर टिपली आणि ती संध्याकाळपर्यंत देशभर फिरली. लष्करात नोकरी करून मग कॉलेजात आलेला एक खेळाडू अध्यक्षांना भर बैठकीत जाब विचारतोय आणि अध्यक्ष पुन्हा पुन्हा आकड्यांकडे बोट दाखवतायत, असं ते दृश्य होतं.

फुटबॉलसोबत बोलिंग आणि रायफल नेमबाजी हे दोन खेळही बंद झाले. सर्वोच्च विभागातल्या विद्यापीठानं फुटबॉल बंद करण्याची १९९५ नंतरची ही पहिलीच वेळ होती. तेव्हा कॅलिफोर्नियातल्या पॅसिफिक विद्यापीठानं तो बंद केला आणि नंतर कधीच परत आणला नाही. इथे मात्र सहा महिन्यांत, १ जून २०१५ ला, त्याच वॉट्स यांनी तिन्ही खेळ परत सुरू होणार असल्याचं जाहीर केलं.

कॉलेज फुटबॉलच्या अर्थकारणावर अमेरिकेत मणांनी लिहिलं जातं. त्यातलं बरंचसं बड्या वीस-पंचवीस विद्यापीठांबद्दल असतं, आणि त्यांच्याकडे पैशाचा प्रश्न कमावण्याचा नसून उधळण्याचा असतो. मला बर्मिंगहॅमचं प्रकरण जास्त मोलाचं वाटतं. मधल्या फळीतल्या एका सरकारी विद्यापीठाचं पोट इथे सगळ्यांसमोर फाडलं गेलं. एकाच संघाच्या हिशेबावर सहा महिन्यांत तीन वेगवेगळ्या सल्लागारांचे अहवाल आले आणि तिन्हींची उत्तरं एकमेकांशी जुळली नाहीत.

आधी खेळाचा पैसा

आपल्याकडच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. हा हेल्मेटवाला अमेरिकन फुटबॉल. विद्यापीठाचा संघ हा त्या शहराचा, कधी अख्ख्या राज्याचा संघ असतो. अलाबामात एनएफएल या सर्वांत बड्या व्यावसायिक लीगचा एकही संघ नाही, त्यामुळे तिथे कॉलेज फुटबॉल हाच धर्म, आणि त्यातही दोन पंथ: टस्कलूसाचं अलाबामा विद्यापीठ आणि ऑबर्न. बर्मिंगहॅम हे राज्यातलं मोठं शहर, पण यूएबी हा तिथला तिसरा आणि धाकटा दावेदार.

क्रीडा विभागाकडे पैसा चार-पाच वाटांनी येतो. तिकिटं आणि माजी विद्यार्थ्यांच्या देणग्या आहेत. ज्या ‘कॉन्फरन्स’मध्ये, म्हणजे विद्यापीठांच्या गटात, तुम्ही खेळता तिच्या टीव्ही कराराचा वाटा मिळतो. बड्या विद्यापीठाच्या मैदानावर जाऊन, बहुधा हरून येण्याबद्दल ठरावीक रक्कम मिळते, ती सामन्यामागे दहा लाख डॉलरच्या घरातही जाते. २०१४ मध्ये यूएबी असं मिसिसिपी स्टेट आणि आर्कान्साकडे खेळून आलं होतं आणि दोन्हीकडे हरलं होतं. एवढं करूनही जे कमी पडतं ते विद्यापीठ स्वतःच्या तिजोरीतून आणि विद्यार्थ्यांकडून घेतलेल्या क्रीडा शुल्कातून भरतं. कमी पडतंच. कॉलेज खेळांची राष्ट्रीय संस्था असलेल्या एनसीएएच्याच आकडेवारीप्रमाणे २०१९ मध्ये सुमारे अकराशे सदस्य कॉलेज-विद्यापीठांपैकी फक्त २५ क्रीडा विभागांचं उत्पन्न खर्चापेक्षा जास्त होतं.

दरी टीव्हीच्या पैशात आहे. टस्कलूसाचं अलाबामा ज्या साउथईस्टर्न कॉन्फरन्समध्ये आहे, तिने २०२२-२३ च्या आर्थिक वर्षात प्रत्येक सदस्याला सरासरी ५ कोटी १३ लाख डॉलर वाटले. यूएबी तेव्हा ज्या कॉन्फरन्स यूएसएमध्ये होतं, तिथे शेवटच्या वर्षांत टीव्हीचा वाटा काही लाखांवर येऊन ठेपला होता. खेळ तोच, मैदानाची लांबी-रुंदी तीच, आणि खेळाडूंचे खांदे तेवढेच निखळतात.

अध्यक्षांचा हिशेब

यूएबीच्या क्रीडा विभागाचं वर्षाचं अंदाजपत्रक सुमारे ३ कोटी डॉलर होतं. त्यातले सुमारे २ कोटी विद्यापीठ आणि विद्यार्थी शुल्क मिळून भरत होते, म्हणजे रुपयातले दहा आणे अनुदानाचे. कारस्पोर्ट्स या सल्लागार कंपनीच्या अहवालाप्रमाणे फुटबॉल स्पर्धेत टिकवायचा तर या अनुदानावर पाच वर्षांत आणखी ४ कोटी ९० लाख डॉलर लागणार होते. त्यात प्रशिक्षकांचे पगार, वाढत्या शिष्यवृत्त्या आणि मुख्य म्हणजे मोडकळीला आलेल्या सुविधा असं सगळं आलं.

हे आकडे समोर ठेवले तर वॉट्स खलनायक वाटत नाहीत. ते स्वतः मज्जाविकारतज्ज्ञ, आणि याच विद्यापीठात शिकलेले. यूएबीचा खरा प्राण वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय हा आहे. राज्यातल्या सर्वांत मोठ्या नोकरी देणाऱ्या संस्थांपैकी ती एक, आणि तिचं एकूण अंदाजपत्रक तेव्हाच दोनशे कोटी डॉलरच्या वर होतं. अशा माणसानं पैसा प्रयोगशाळेत घालायचा की टॅकलिंगच्या सरावात, असा प्रश्न विचारला तर त्यात गैर काय? प्रश्न रास्तच होता. घोळ उत्तरासाठी मांडलेल्या गणितात होता, आणि काही अंशी तो प्रश्न कुणी विचारायला लावला यातही होता.

टस्कलूसाची सावली

यूएबीचा क्रीडा विभाग १९७०च्या दशकाच्या अखेरीस जीन बार्टो यांनी उभा केला. हे बास्केटबॉलचे प्रशिक्षक लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात जॉन वुडन या नामांकित प्रशिक्षकांच्या जागेवर बसले होते, आणि तिथून एका कोऱ्या विद्यापीठात आले. फुटबॉल बराच उशिरा आला. १९९१ मध्ये तिसऱ्या विभागात सुरुवात झाली आणि १९९६ मध्ये संघ सर्वोच्च विभागात पोचला. पाच वर्षांत तळातून माथ्यावर. पण घर स्वतःचं नव्हतं. सामने व्हायचे ते शहराच्या लीजन फील्डवर. १९९६ च्या ऑलिम्पिकमधल्या सॉकरचे सामने झालेलं हे जुनं, अवाढव्य मैदान. २००४ मध्ये वरचा मजला उतरवल्यावरही त्यात ७१ हजारांवर खुर्च्या उरल्या. तिथे दहा-बारा हजार माणसं बसली की टीव्हीवर ते मैदान ओसाड दिसायचं. ओसाड मैदान पाहून येणाऱ्या मुलाला किंवा जाहिरातदाराला काय वाटतं ते सांगायला सल्लागार नको.

यूएबी स्वतंत्र विद्यापीठ असलं तरी टस्कलूसा, बर्मिंगहॅम आणि हंट्सव्हिल या तिन्हींवर एकच विश्वस्त मंडळ आहे. ते आपल्या रिकाम्या जागा आपणच भरतं, आणि त्यात टस्कलूसाच्या माजी विद्यार्थ्यांचं पारडं जड. मंडळावरचं एक वजनदार नाव होतं पॉल ब्रायंट ज्युनियर, अलाबामाला सहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून देणाऱ्या ‘बेअर’ ब्रायंट यांचे चिरंजीव. तेव्हाच्या बातम्यांप्रमाणे २००६ मध्ये यूएबीनं जिंबो फिशर या तरुण प्रशिक्षकाला आणायचं ठरवलं होतं, आणि मंडळानं ते होऊ दिलं नाही. हेच फिशर पुढे फ्लोरिडा स्टेटला घेऊन २०१३ च्या हंगामाचे राष्ट्रीय विजेते झाले. २०११ मध्ये विद्यापीठाच्या आवारात ३० हजार खुर्च्यांचं स्वतःचं मैदान बांधायची सुमारे साडेसात कोटी डॉलरची योजना तयार झाली. तीही मंडळाच्या विरोधात अडकून गुंडाळावी लागली.

बर्मिंगहॅमकर म्हणतात, धाकट्याला वाढू द्यायचंच नव्हतं. मंडळाचं म्हणणं असं, की निर्णय वॉट्स यांचा होता, आमचा नव्हता. कटाचा पुरावा कुणी दाखवलेला नाही, आणि माझ्या मुद्द्याला कटाची गरजही नाही. ज्या संघाला मैदान बांधू दिलं नाही, त्याच संघाच्या तिकीटविक्रीचा आकडा पुढे करून तो टिकाऊ नाही असं ठरवलं गेलं, एवढं नोंदवलं तरी पुरे. सुविधा नाकारायच्या आणि मग सुविधांचा साचलेला खर्च एकरकमी बिल म्हणून समोर ठेवायचा! ४ कोटी ९० लाखांचा आकडा वाचताना हा इतिहास डोक्यात ठेवावा लागतो.

शिष्यवृत्तीचा खर्च म्हणजे नक्की काय

आता या प्रकरणाचा गाभा. एप्रिल २०१५ मध्ये अँडी श्वार्झ आणि डॅन रॅशर या क्रीडा-अर्थतज्ज्ञांच्या ओएसकेआर या कंपनीचा अहवाल आला. तो फुटबॉल परत यावा म्हणणाऱ्यांच्या बाजूनं करून घेतलेला होता, हे आधीच सांगून टाकतो. अहवालाचा निष्कर्ष होता, की बंद केलेले तीन खेळ मिळून जवळपास ना नफा ना तोटा या पातळीवर होते, आणि पुढे थोडीफार शिल्लकही पडू शकली असती.

दोन कोटींचं अनुदान खाणारा विभाग, आणि त्यातला सर्वांत महागडा खेळ बरोबरीत? हे कसं, ते एका खेळाडूवरून पाहू. समजा त्याची शिष्यवृत्ती वर्षाला ३० हजार डॉलरची आहे. हा आकडा फक्त उदाहरणासाठी. त्यात फी, वसतिगृह, जेवण, पुस्तकं आलं. क्रीडा विभागाच्या वहीत ३० हजार खर्ची पडतात. पण फीचा भाग क्रीडा विभाग देतो कुणाला? त्याच विद्यापीठाला. एका खात्यात नावे, दुसऱ्या खात्यात जमा, आणि विद्यापीठाच्या बाहेर एक छदामही गेलेला नाही. बाहेर जातो तो जेवणाचा, पुस्तकांचा आणि फार तर खोलीचा पैसा. वर्ग भरलेला नसेल, तर या पोराच्या बाकामागे प्राध्यापकाचा पगार वाढत नाही आणि दिवाबत्तीचं बिलही वाढत नाही. सर्वोच्च विभागात तेव्हा फुटबॉलला ८५ पूर्ण शिष्यवृत्त्यांची मुभा होती. ८५ गुणिले ३० हजार म्हणजे साडेपंचवीस लाख डॉलरचा ‘खर्च’, आणि त्यातला मोठा भाग आपल्याच घरात फिरणारा. परराज्यातला खेळाडू असेल तर फी आणखी चढी लागते, म्हणजे कागदावरचा तोटा आणखी फुगतो.

एसटीत पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजोबांना फुकट प्रवास आहे. गाडी सुटायचीच होती, सीट रिकामी होती. आजोबांमुळे डिझेल किती जास्त जळलं? तरी सवलतीचा हिशेब पूर्ण तिकिटाच्या दरानंच मांडला जातो. तो तसा मांडायला कारणं आहेत. पण उद्या आजोबांना उतरवून महामंडळाची तेवढी बचत होईल, असं कुणी म्हणालं तर आपण हसू. यूएबीच्या बाबतीत असं म्हणणाऱ्यांना कुणी हसलं नाही.

या युक्तिवादाला एक जुनं उत्तर आहे, आणि हिशेबतपासनीस ते लगेच देतील. प्रत्येक विभागानं ‘माझ्यामुळे वाढलेला खर्च नगण्य’ म्हणायला सुरुवात केली, तर इमारती आणि पगार उचलायचे कुणी? बरोबर आहे. वर्षाचा खर्च वाटून द्यायचा असेल तेव्हा पूर्ण दर लावा. पण प्रश्न ‘बंद करू का’ असा असेल, तर बंद केल्यावर खरोखर वाचतो तेवढाच खर्च मोजायचा असतो. कॉस्टिंगच्या पहिल्या वर्षाला शिकवलेली ही गोष्ट आहे. अध्यक्षांच्या जाहीर मांडणीत वाटणीचा आकडा बचतीच्या आकड्याच्या जागी उभा होता.

बंद केल्यावर जे उत्पन्न बुडणार होतं, तीही बाजू कच्ची राहिली होती. कॉन्फरन्स यूएसएच्या नियमाप्रमाणे सदस्याला फुटबॉल खेळणं बंधनकारक होतं. संघ गेला की सदस्यत्व धोक्यात, आणि सदस्यत्व गेलं की बार्टोंनी उभ्या केलेल्या बास्केटबॉलचा टीव्हीचा वाटा, स्पर्धा आणि प्रतिष्ठा सगळंच डळमळीत. २०१४ पासून सुरू झालेल्या, राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या कॉलेज फुटबॉल प्लेऑफचा पैसा कॉन्फरन्समार्फत खाली झिरपू लागला होता. शिवाय जानेवारी २०१४ मध्ये आलेल्या बिल क्लार्क या प्रशिक्षकाच्या पहिल्याच हंगामात घरच्या सामन्यांची गर्दी आदल्या वर्षाच्या दुप्पट झाली होती. पडत्या काळाची सरासरी धरून चढत्या संघाचं भविष्य मांडलं, की उत्तर हवं तसं येतं.

ओएसकेआरचा अहवालही धुतल्या तांदळासारखा नाही. सरावाचं मैदान, व्यायामशाळा, बंदिस्त जागा यांवरचा भांडवली खर्च टाळता येणारा नव्हता, आणि चालू वर्षाच्या जमाखर्चात तो दिसतच नाही. माझं मत विचाराल तर चालू खर्चापुरता ओएसकेआर बरोबर होता, भांडवलापुरते वॉट्स. दोन्ही बाजू एकमेकांना खोटं ठरवण्यात दंग असल्यामुळे हे साधं वाक्य तेव्हा कुणी बोललं नाही.

थाळी फिरली

जानेवारी २०१५ मध्ये प्राध्यापकांच्या सिनेटनं वॉट्स यांच्यावर अविश्वास व्यक्त केला. याचं मला त्या वेळीही नवल वाटलं होतं. अमेरिकेत प्राध्यापक मंडळी फुटबॉलच्या खर्चाच्या नावानं खडे फोडण्यात पुढे असतात. इथे त्यांचा राग फुटबॉलसाठी होताच असं नाही. एवढा मोठा निर्णय बंद दाराआड, कुणाला न विचारता झाला, हे त्यांना खटकलं होतं.

मग विद्यापीठानं कार्यगट नेमला आणि कॉलेज स्पोर्ट्स सोल्युशन्स या तिसऱ्या सल्लागाराकडून आकडे पुन्हा तपासून घेतले. या सगळ्या घासाघिशीतून शेवटी जो करार निघाला, तो मला अख्ख्या प्रकरणातला सर्वांत शहाणा भाग वाटतो. विद्यापीठ वर्षाला सध्याइतकेच सुमारे २ कोटी देत राहील, त्यावर एक पैसाही वाढवणार नाही. पाच वर्षांत चालू खर्चात जी १ कोटी ७२ लाख डॉलरची तूट दिसते, ती बाहेरच्यांनी वचन देऊन भरायची. सुविधांचा पैसा वेगळा, तोही बाहेरूनच.

म्हणजे आता ‘आम्हाला संघ हवा’ म्हणणाऱ्या शहरासमोर किमतीची चिठ्ठी होती. निधीसंकलनात पुढे होते हॅटन स्मिथ, बर्मिंगहॅमच्या कॉफीच्या व्यवसायातले. त्यांच्या जोडीला संघाचा माजी खेळाडू जस्टिन क्राफ्ट आणि शहरातले उद्योजक. नगर परिषदेनं पाच वर्षं दरवर्षी पाच लाख डॉलर द्यायचं ठरवलं. वर्षानुवर्षं सामन्याला न फिरकलेल्या कंपन्यांनी चेक लिहिले. संघ होता तेव्हा ज्यांना तो दिसला नव्हता, त्यांना तो गेल्यावर दिसला. १ जूनला घोषणा झाली ती १ कोटी ७२ लाखांची वचनं हातात आल्यावर.

बंद करण्याच्या त्या सहा महिन्यांची किंमत मात्र कुठल्याच अहवालात नाही. एनसीएएनं खेळाडूंना वर्ष न गमावता दुसरीकडे जायची मुभा दिली आणि संघ पांगला. त्या हंगामात १,५८७ यार्ड धावलेला जॉर्डन हॉवर्ड इंडियाना विद्यापीठात गेला आणि तिथून शिकागो बेअर्स या व्यावसायिक संघात. क्लार्क थांबले. बाहेरून बोलावणी येऊ शकतील असा माणूस, ज्याच्याकडे संघ नाही, वेळापत्रक नाही, तो दोन वर्षं सरावच घेत राहिला. २०१५ आणि २०१६ या दोन शरद ऋतूंत यूएबीनं एकही सामना खेळला नाही. नवी मुलं आली ती, ‘दोन वर्षं फक्त घाम गाळायचा’ हे कबूल करून. त्यांच्या शिष्यवृत्त्या चालू, तिकिटांचं उत्पन्न शून्य. नुसता पेन उचलून बंद केलेली गोष्ट पुन्हा चालू करायला किती पडतं, याचा हा आकडा कुणीतरी काढायला हवा होता.

परत आल्यावर

२ सप्टेंबर २०१७ ला लीजन फील्डवर अलाबामा ए अँड एमविरुद्धच्या सामन्याला ४५,२१२ प्रेक्षक आले. संघाच्या इतिहासातली घरच्या मैदानावरची ती सर्वांत मोठी गर्दी. यूएबी ३८-७ असं जिंकलं. त्याच उन्हाळ्यात २ कोटी २५ लाख डॉलरचं फुटबॉल संकुल उघडलं होतं, देणगीदारांच्या पैशावर. पहिल्या हंगामात आठ विजय आणि बहामाजमधला बाउल सामना. २०१८ मध्ये अकरा विजय, मिडल टेनेसीला २७-२५ असं हरवून कॉन्फरन्सचं पहिलं विजेतेपद, आणि बोका रॅटनमध्ये नॉर्दर्न इलिनॉयवर मात करून पहिला बाउल विजय. २०२० मध्ये मार्शलला हरवून दुसरं विजेतेपद. कथा इथे संपवावी असा मोह कुणालाही होईल, आणि बऱ्याच जणांनी ती तिथेच संपवली.

पण विजयानं अनुदान गेलं नाही. विद्यापीठाचा पैसा लागतच राहिला. विद्यार्थीसंख्या २०१४ मध्ये १८ हजारांवर होती, ती २०२० पर्यंत २२ हजारांपलीकडे गेली. फुटबॉलवाले याचं श्रेय घेतात, पण त्याच काळात विद्यापीठानं नवी वसतिगृहं, नवे अभ्यासक्रम असं बरंच काही केलं. कुणाच्या पारड्यात किती टाकायचं, हे प्रामाणिकपणे सांगता येत नाही. जाहिरातीचं मूल्य काढणारे सल्लागार हवा तो आकडा काढून देतात. मी तो रकाना कोराच ठेवतो.

खरा बदल मैदानात झाला. ऑक्टोबर २०२१ मध्ये शहराच्या मध्यवस्तीत सुमारे ४७ हजार खुर्च्यांचं प्रोटेक्टिव्ह स्टेडियम उघडलं. पहिल्याच सामन्यात लिबर्टीनं यूएबीला ३६-१२ असं हरवलं, ते सोडा. दहा वर्षांपूर्वी विद्यापीठानं मागितलेलं मैदान मंडळाला परवडत नव्हतं. आता त्याहून कितीतरी महागडं मैदान उभं राहिलं, पण विद्यापीठाच्या नावावर नाही. बर्मिंगहॅम शहर त्यासाठी तीस वर्षं दरवर्षी ३० लाख डॉलर देणार आहे, जेफरसन काउंटीचाही वाटा आहे, आणि यूएबी तिथे भाडेकरू आहे. क्रीडा विभागाच्या वहीत त्यामुळे इमारतीचा बोजा दिसत नाही. तो नाहीसा झालेला नाही, पालिकेच्या करदात्याच्या पासबुकात गेला आहे. बर्मिंगहॅम हे काळ्या लोकांची बहुसंख्या असलेलं शहर, गरिबीही मोठी. तिथल्या शाळांच्या आणि रस्त्यांच्या पैशाशी या ३० लाखांची तुलना व्हायला हवी, आणि स्थानिक चर्चेत ती झालीही. मैफली, इतर स्पर्धा, आजूबाजूचा धंदा हे सगळं जमेला धरूनही मला हा सौदा शहरापेक्षा विद्यापीठाला जास्त फायद्याचा वाटतो.

बदललेला खेळ

१ जुलै २०२३ ला यूएबी अमेरिकन ॲथलेटिक कॉन्फरन्समध्ये गेलं. टीव्हीचा वाटा वाढला, प्रवास वाढला, पगारही. क्लार्क मात्र तिथपर्यंत पोचले नाहीत. पाठीच्या दुखण्यामुळे त्यांनी २०२२ च्या उन्हाळ्यात निवृत्ती घेतली. त्यांच्यानंतर एक हंगाम हंगामी प्रशिक्षकानं काढला आणि मग विद्यापीठानं खेळाडू म्हणून सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, जिंकलेल्या ट्रेंट डिल्फर यांना आणलं. कॉलेजात प्रशिक्षण दिल्याचा अनुभव त्यांना नव्हता. २०२३ मध्ये चार विजय, २०२४ मध्ये तीन, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये हंगामाच्या मध्यावर त्यांना काढलं. पाच वर्षांच्या वचनांवर उभा राहिलेला संघ एका चुकीच्या नेमणुकीनं किती लवकर घसरतो, ते इथे दिसतं. २०१७ मध्ये आलेले ४५ हजार लोक संघ ‘परत आला’ म्हणून आले होते. परत येणं एकदाच विकता येतं.

त्याहून मोठा धक्का कोर्टातून आला. जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर पैसे कमावता येऊ लागले. ६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी ‘हाउस विरुद्ध एनसीएए’ खटल्यातली तडजोड मंजूर केली. मागच्या खेळाडूंना दहा वर्षांत सुमारे २८० कोटी डॉलर द्यायचे, आणि पुढे विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतील, पहिल्या वर्षी कमाल सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. टस्कलूसासारखं विद्यापीठ ही कमाल मर्यादा गाठणारच. मधल्या फळीचं काय? अमेरिकन कॉन्फरन्सनं आपल्या सदस्यांना, लष्करी अकादमी वगळता, तीन वर्षांत किमान १ कोटी डॉलर खेळाडूंना द्यायचा दंडक घातला.

या खर्चाला एसटीच्या रिकाम्या सीटचा न्याय लागू नाही. शिष्यवृत्तीचा पैसा घरातल्या घरात फिरत होता. हा पैसा खेळाडूच्या बँक खात्यात जातो आणि तिथेच राहतो. ओएसकेआरचा २०१५ चा सगळ्यांत भक्कम मुद्दा इथे गळून पडतो. खेळाडूंना पैसे मिळाले याचं मला वाईट वाटत नाही. इतकी वर्षं त्यांच्या खांद्यावर प्रशिक्षकांचे बंगले उभे राहिले. पण तीन वर्षांत १ कोटी म्हणजे वर्षाला सरासरी ३३ लाख, आणि २०१५ मध्ये अख्ख्या शहरानं पदर पसरून गोळा केलेले पैसे पाच वर्षांत १ कोटी ७२ लाख, म्हणजे वर्षाला ३४-३५ लाख. जवळजवळ तेवढीच रक्कम, आणि तीही फक्त किमान मर्यादा गाठायला. तेव्हा संघ मेला होता म्हणून लोकांनी खिसे उघडले. आता तो जिवंत आहे, २०२५ मध्ये त्यानं भर हंगामात प्रशिक्षक बदलला, आणि पैसा दरवर्षी लागणार आहे.

२०१५ च्या करारातली ‘विद्यापीठ सध्यापेक्षा एक पैसाही वाढवणार नाही’ ही अट पाच वर्षांपुरती होती आणि ती मुदत कधीच संपली. तिच्या जागी नवी अट कुणी लिहिलेली नाही. यूएबी सरकारी संस्था असल्यानं क्रीडा विभागाचा जमाखर्च दरवर्षी एनसीएएला सादर होतो आणि मागितला तर मिळतो. त्यात विजय-पराभवाआधी मी विद्यार्थी शुल्क आणि संस्थेकडून थेट मदत हे दोन रकाने बघेन. खेळाडूंचे ३३ लाख तिकिटांतून आणि देणग्यांतून आले, तर २०१५ चा सौदा अजून टिकून आहे. या दोन रकान्यांतून आले, तर ते रोज दोन बस बदलून वर्गाला येणाऱ्या, लीजन फील्ड किंवा प्रोटेक्टिव्ह स्टेडियम आतून कधीही न पाहिलेल्या नर्सिंगच्या विद्यार्थिनीनं भरले, आणि तिला कुठलाही कार्यगट विचारायला गेलेला नाही.